वनस्पतींनी जमिनीवर संसार कसा मांडला

आमच्याकडील व्याख्यानमाला वसंतात भरतात, आणि वसंत म्हणजे सातारा-सांगलीकडे पाण्याची चणचण सुरू होण्याचा काळ. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत याच दिवसांत विहिरींचे तळ दिसू लागतात आणि बायाबापड्यांच्या बोलण्यात पाण्यावाचून दुसरा विषय राहत नाही. अशा दिवसांत वनस्पतींविषयी बोलावयाचे तर आरंभ पाण्यापासूनच करणे उचित होय. कारण जमिनीवरील वनस्पतींचा सारा इतिहास हा एका घरगुती प्रश्नाचा इतिहास आहे. पाणी आणावयाचे कोठून, साठवावयाचे कसे आणि खर्चावयाचे किती, हा तो प्रश्न. जो माणदेशातील गृहिणीला पडतो तोच झाडालाही पडलेला आहे. फरक इतकाच की झाडाला तो सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी पडला.

हा इतिहास समजून घेण्यास आमच्या दोन जिल्ह्यांसारखा भूभाग शोधून सापडावयाचा नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सव्वाशे किलोमीटरच्या आत म्हसवड लागते, आणि तेथे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. एका टोकास झाडाच्या बुंध्यावर हिरव्या मखमलीचे थर चढलेले, तर दुसऱ्या टोकास बाभळीच्या सावलीलाही काटे. वनस्पतींच्या प्रत्येक कुळाने पाण्याशी कोणता करार केला, हे या पट्ट्यात पायी हिंडूनही पाहता येते.

पाण्यातील सुखाचे दिवस

जमिनीवरील सर्व वनस्पतींचे पूर्वज गोड्या पाण्यातील हिरवी शैवले होती, याविषयी आज शास्त्रज्ञांत दुमत नाही. कृष्णेच्या घाटावर पायरीला धरून पाण्यात तरंगणारे जे हिरवे, बुळबुळीत तंतू आपण पाहतो, त्यांतील कित्येक याच गोतावळ्यातील आहेत. अलीकडे वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा अक्षरशः अक्षरओळखीने अभ्यास झाला, तेव्हा अशा तंतुमय शैवलांचे कूळच जमिनीवरील वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातलग ठरले.

पाण्यातील शैवलाचा संसार किती सुखाचा असतो पाहा! अंगभर पाणी; तेव्हा तहान हा शब्दच नाही. अन्नाचे क्षार चहूबाजूंनी मिळतात. तेव्हा मुळे नकोत. पाणीच उचलून धरते. तेव्हा खोड नको. आणि नर-मादी पेशींना भेटावयाचे तर पाण्यातून पोहत जावे, नाहीतर शेजारच्या तंतूशी पूल बांधावा. तेव्हा फुले, परागकण, भुंगे यांचा खटाटोप नको.

अशा वनस्पतीला पाण्याबाहेर काढले म्हणजे जमीन तिला एकदम पाच अटी घालते. वाळून मरू नकोस. पाणी खालून वर आण. स्वतःच्या बळावर उभी राहा. हवा आत घे, पण त्या वाटेने पाणी बाहेर जाऊ देऊ नकोस. आणि पाण्यावाचून प्रजा वाढव. यांतील पहिली अट सर्वांनी कशीबशी पुरी केली. उरलेल्या अटींची उत्तरे मात्र निरनिराळ्या कुळांनी निरनिराळी दिली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळेत आपण शैवल, हरिता, नेचे, सूचिपर्णी व सपुष्प अशी एकावर एक चढती पायरी शिकलो. त्यामुळे हरिता म्हणजे मागासलेली, आणि आंबा म्हणजे पुढारलेला असे वाटते. वास्तविक आजची हरिता ही आंब्याची आजी नव्हे, फार दूरची चुलत बहीण आहे. दोघींनाही वारसा सारख्याच काळाचा आहे. एकीने एक युक्ती पत्करली, दुसरीने दुसरी. आणि दोघीही आज जिवंत आहेत, यावरून दोन्ही युक्त्या खऱ्या ठरल्या असेच म्हणावे लागते.

मेणाचे पांघरूण

वाळून न मरण्याचा पहिला उपाय म्हणजे अंगाला मेण फासणे. जमिनीवरील जवळजवळ प्रत्येक वनस्पतीच्या हिरव्या भागावर मेणकट पदार्थाचा एक अतिपातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. परंतु तासगावच्या बेदाणा करणाऱ्यांना ते पुरते ठाऊक आहे. द्राक्षाचा घड तसाच टांगून ठेवला तर तो सुकता सुकत नाही, कारण सालीवरील मेण आतले पाणी सोडीत नाही. म्हणून हे लोक घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या पाण्यात बुडवून काढतात. त्याने मेणाचा थर सैल पडतो, पाण्यास वाट मिळते, आणि शेडमधील जाळीवर पसरलेला माल पंधरवड्याच्या सुमारास बेदाणा होऊन खाली येतो. न बुडवलेल्या द्राक्षास याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. ज्या मेणाने द्राक्षाला जमिनीवर जगविले ते मेण मोडणे, हाच बेदाण्याच्या धंद्यातील पहिला संस्कार होय.

मात्र मेणाने एक नवी अडचण उभी राहिली. पाणी अडले तशी हवाही अडली. अन्न तयार करण्यास कार्बन डायऑक्साइड वायू तर हवाच. तेव्हा मेणाच्या भिंतीस खिडक्या ठेवाव्या लागल्या. पानावरील ही सूक्ष्म पर्णरंध्रे दोन फुगीर पेशींच्या दाराने उघडतात व मिटतात. पाणी भरपूर असले की पेशी फुगतात आणि दार उघडते. पाणी कमी पडले की त्या सैलावतात आणि दार मिटते. दार उघडे असेपर्यंत वायू आत येतो, पण त्याच दाराने पाण्याची वाफ बाहेर जाते. हा व्यापार किती महाग आहे याचे मोजमाप ब्रिग्ज व शांट्झ या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१० नंतरच्या दशकात पिके डब्यांत वाढवून केले. एक किलो कोरडा पाला-दाणा तयार करण्यास ज्वारीला त्यांच्या प्रयोगांत सुमारे ३०० किलो पाणी लागले, गव्हाला सुमारे ५००, आणि लसूणघासाला ८०० च्या वर. माणदेशाने ज्वारी का धरली, हे आमच्या शेतकऱ्याला या प्रयोगांच्या पुष्कळ आधी कळलेले होते.

अंगभर पिणारी हरिता

आपण बोलताना नदीतील निसरड्या तंतूंना आणि भिंतीवरील मखमलीला एकच 'शेवाळ' हा शब्द वापरतो. शास्त्रात पहिले शैवल, आणि दुसरी हरिता. पावसाळ्यात साताऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, अजिंक्यताऱ्याच्या तटावर, महाबळेश्वरच्या झाडांच्या बुंध्यांवर हीच हरिता वाढते. ओल्या मातीला चिकटून फीतीसारखी पसरणारी यकृतका ही तिची भावंडे. हिंदुस्थानातील यकृतकांचा पद्धतशीर अभ्यास लाहोरच्या प्रा. शिवराम कश्यप यांनी सुरू केला आणि १९२९ साली त्यांचा पश्चिम हिमालय व पंजाबातील यकृतकांवरील ग्रंथ निघाला.

हरितेस खरी मुळे नाहीत आणि पाणी वर चढविणाऱ्या नळ्याही बहुधा नाहीत. ती अंगाने पाणी पिते, टीपकागदासारखी. म्हणून ती बोटा-दोन बोटांहून फारशी उंच होत नाही. उंच झाली तर शेंड्याला पाणी पोहोचवावयाचे कोणी? वाळण्याविरुद्ध तिचा उपायही निराळा आहे. ती वाळण्याशी झगडत नाही, ती सरळ वाळते. चैत्रात तटावरील काळपट पापुद्रा हाताने चुरगळून पाहिला तर त्यात जीव आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु वळवाची एक सर येऊ द्या, काही वेळातच तो हिरवा होऊन श्वास घेऊ लागतो. पेशी कोरडी पडताना तिच्यातील नाजूक भाग मोडू नयेत म्हणून विशिष्ट शर्करा आणि प्रथिने त्यांना आधार देऊन ठेवतात.

प्रजोत्पादनात मात्र हरितेला पूर्वजांची सवय सुटली नाही. तिच्या नर पेशींना शेपट्या असतात आणि मादी पेशीपर्यंत त्या पोहूनच जातात. पावसाच्या थेंबाचा एक पातळ पापुद्रा त्यांना पुरतो, पण तो हवाच. मात्र येथेच जमिनीवरील वनस्पतींनी एक फार मोठी गोष्ट केली. फळलेली मादी पेशी पाण्यात सोडून न देता मातेने आपल्या अंगातच ठेवून घेतली आणि तिला पोसले. हा गर्भ पोसण्याचा धर्म हरितेपासून वडापर्यंत सर्वांनी पाळला आहे. त्या गर्भातून केसासारखा देठ उगवतो, त्याच्या टोकाशी एक इवले बोंड धरते, आणि बोंडात बीजाणू तयार होतात. बीजाणूचे कवच इतके चिवट की खडकात कोट्यवधी वर्षे गाडले गेले तरी ते टिकते. जमिनीवरील वनस्पतींचा सर्वांत जुना पुरावा म्हणून जे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष दाखविले जातात, ते असे बीजाणूच आहेत.

नळ घातलेली घरे

उंच व्हावयाचे तर नळ हवेत. काही वनस्पतींनी आपल्या आत लांबट, पोकळ पेशींच्या नळ्या तयार केल्या आणि त्यांच्या भिंती लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याने मढविल्या. या एका द्रव्याने दोन कामे झाली. पाणी वर ओढले जाताना नळी दबून मिटत नाही, आणि खोडालाही ताठपणा येतो. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते म्हणजे बहुतांशी हे नळकामच होय.

या नळांचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या खेड्यात मिळाला. डॉ. विल्यम मॅकी यांना १९१२ च्या सुमारास तेथे असा दगड सापडला की, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी गरम पाण्याच्या झऱ्यातील सिलिकेत बुडालेली झुडुपे त्यात पेशी न् पेशी दिसेल इतकी शाबूत होती. किडस्टन व लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. ती झुडुपे वीत-दीडवीत उंचीची. पाने नाहीत, खरी मुळे नाहीत. पण आत नळ आहेत आणि अंगावर पर्णरंध्रे आहेत. आणखी एक गोष्ट तेथे दिसते. त्यांच्या पेशींत बुरशीचे धागे शिरलेले आहेत. हा रोग नव्हता, भागीदारी होती. बुरशीने खडकातून फॉस्फरससारखे क्षार शोधून आणावेत आणि वनस्पतीने तिला शर्करा द्यावी, हा करार आजही बहुतेक झाडांच्या मुळाशी चालू आहे. जमीन एकट्याने कोणालाच जिंकता आली नाही, असाच याचा अर्थ.

नळ घातलेल्या पण बीज नसलेल्या कुळांतील आजचे ठळक प्रतिनिधी म्हणजे नेचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यांच्या कडेला त्यांचे ताटवेच्या ताटवे असतात. त्यांतला चांदीचा नेचा मुलांच्या ओळखीचा आहे. त्याचे पान हातावर दाबले की पांढऱ्या भुकटीची नक्षी उठते. हा खेळ खेळताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही की, कोरड्या दिवसांत ते पान आतल्या बाजूस वळते आणि तो पांढरा भाग वर येऊन उन्हाला तोंड देतो. दुसरा बाशिंग नावाचा नेचा झाडावर किंवा कड्यावर बसतो. त्याला दोन तऱ्हेची पाने असतात. उंच हिरवी पाने अन्न करतात व बीजाणू देतात. बुडाशी चिकटलेली तपकिरी, वाळकी पाने पालापाचोळा आणि पावसाचे पाणी धरून ठेवतात. माती नाही तेथे त्याने स्वतःच्या पानांची कुंडी केली.

परंतु नेच्याचेही एक अडते. त्याचा बीजाणू रुजला म्हणजे एकदम नेचा होत नाही. आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची एक हिरवी पातळ चकती तयार होते. तिच्यावर नर-मादी पेशी येतात, आणि नर पेशी पुन्हा पोहतच जातात. म्हणजे पुरुषभर उंचीचा नेचाही आयुष्यात एकदा त्या नखाएवढ्या चकतीच्या ओलीवर अवलंबून असतो. म्हणूनच घाटमाथ्यावर नेच्यांची रेलचेल, आणि माणदेशात ते विहिरीच्या कपारीला लपलेले.

याच दर्जाचे पण नेच्याहून निराळे असे एक कूळ पाचगणीच्या टेबललँडवर आहे, आणि हजारो प्रवासी त्याच्यावरून न पाहता चालत जातात. पावसाळ्यात पठारावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत कांद्याच्या पातीसारखी वीतभर झुबके दिसतात. ती गवते नव्हेत. शास्त्रात त्यांस आयसोएटीस म्हणतात. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी त्यांच्या एका जातीला सह्याद्रीचे नाव दिले, आणि दुसरी एक जात पाचगणीच्याच नावाने ओळखली जाते. दगडी कोळशाच्या युगात, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, यांचे नातलग ३० मीटरांहून उंच वृक्ष होते; जगातील दगडी कोळशाचा मोठा भाग त्यांच्याच देहांचा आहे. ते वृक्ष नष्ट झाले. हा बुटका वंशज राहिला. त्याने पाऊस असेपर्यंत डबक्यात राहावयाचे आणि पाणी आटले की चिखलातील गड्ड्यात आठ महिने निजावयाचे, असा बेत केला. मोठेपणा गेला, पण वंश तरला.

बीज: शिदोरीसह प्रवास

पाण्यावाचून प्रजा वाढविण्याची शेवटची आणि सर्वांत अवघड अट बीजधारी वनस्पतींनी पुरी केली. त्यांनी नर पेशी परागकणाच्या डबीत बंद करून वाऱ्यावर सोडली, आणि मादी पेशी झाडावरच झाकून ठेवली. परागकण जागेवर पडला की त्यातून एक नळी निघते आणि ती नर पेशीला मुक्कामी पोहोचविते. पोहण्याचे काम उरले नाही. नेच्याची ती ओलीवर जगणारी चकती येथे मातृवृक्षाच्या कुशीत इतकी लहान झाली की ती निराळी दिसतही नाही.

हा बदल एकदम झाला नाही, याची साक्ष आपल्या शहरांतील बागांत उभी आहे. शोभेसाठी लावतात तो सायकस बीजधारी आहे, तरी त्याची नर पेशी परागनळीतून बाहेर पडल्यावर शेवटची काही अंशांगुळे पोहून जाते, आणि तेवढे पाणी झाड स्वतःच पुरविते. हा शोध १८९६ साली हिरासे आणि इकेनो या जपानी संशोधकांनी लावला. हिरासे यांनी तो गिंको वृक्षात पाहिला आणि इकेनो यांनी सायकसमध्ये. म्हणजे पाण्याची आठवण झाडाने अंगात जपून ठेवली होती. चीड-देवदारांनी तीही सोडली. त्यांचा मुलूख हिमालय; आमच्याकडे त्या वर्गातील नैसर्गिक वनस्पती थोड्या, म्हणून येथे अधिक विस्तार करीत नाही.

बीज म्हणजे तरी काय? एक निजलेला गर्भ, त्याची शिदोरी आणि वर कवच. गर्भातील पाणी इतके कमी केलेले असते की त्याची सारी घडामोड जवळजवळ थांबते. हरिता जे अंगभर करते तेच येथे एका दाण्यात केले आहे. आणि याच युक्तीवर मनुष्याची शेती उभी आहे. कणगीतील शाळूचे बी उन्हाळाभर कोरडे राहते आणि ओल मिळताच जागे होते. झाडाला हे साधले नसते तर दुष्काळातून पुढच्या हंगामाकडे जाण्यास आपल्यापाशी दुसरे साधन नव्हते.

फुलांचा कारभार

सपुष्प वनस्पतींचे जीवाश्म सुमारे १३ कोटी वर्षांपासून मिळतात. नळ अधिक रुंद, बीज फळात झाकलेले, परागाला वाऱ्याऐवजी बहुतेक ठिकाणी कीटकांचे वाहन, आणि राहणीत कमालीची लवचीकता, हे त्यांचे भांडवल. सह्याद्रीचा काळा खडक मात्र त्यांच्याहून लहान आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने पसरला. तेव्हा आमच्या डोंगरांवर वनस्पतींनी केलेली वस्ती ही तापलेल्या, उघड्या दगडावर नव्याने केलेली वस्ती होय.

ती वस्ती आजही अर्धवट आहे अशी जागा म्हणजे साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कासचे पठार. वर जांभ्याचा कातळ. त्यावर माती कोठे चार बोटे, कोठे तीही नाही. पावसाळ्यात येथे पाय बुडतो, आणि मार्चात तोच कातळ तव्यासारखा तापतो. पाणपसारा आणि वाळवंट एकाच जागी, एकाच वर्षात! येथील फुलांचे कौतुक सर्वत्र होते. आम्ही त्यांची व्यवहारबुद्धी पाहण्यास सांगतो. तेरडा, सोनकी यांनी चार महिन्यांत जन्म, फुलणे व मरण उरकून बाकीचे वर्ष बीजात काढले. 'सीतेची आसवे' या निळ्या-जांभळ्या फुलाने आणि दवबिंदूने नत्र नसलेल्या मातीत सूक्ष्म जीव व कीटक पकडून नत्राची सोय लावली. वायतुऱ्याने जमिनीत गड्डा धरला. या वनस्पतीला १९८२ साली साताऱ्याच्या नावाने शास्त्रीय नाव मिळाले. कातळावरील काही गवतांनी तर हरितेचीच जुनी विद्या पुन्हा मिळविली. ती पूर्ण वाळतात आणि पावसाबरोबर तीच वाळलेली पाने हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची नोंद अलीकडेच प्रसिद्ध केली आहे.

पूर्वेकडे वळलो की युक्त्या बदलतात. बाभूळ पाने बारीक करते आणि मुळे खोल नेते. शाळूच्या ताटावर पांढरी भुकटी दिसते ते मेण. दुपारी त्याची पाने सुरळी होतात, तो पाण्याचा खर्च आवरण्याचा मार्ग. हळदीने तर सांगलीच्या बाजारपेठेला नाव मिळवून दिले ते कोरड्या दिवसांची तरतूद जमिनीखालच्या गड्ड्यात करण्याच्या सवयीमुळेच. आपण तिची पुंजी खणून काढतो, इतकेच.

सर्वांत विलक्षण युक्ती मात्र मांसल पानांच्या वनस्पतींची. त्या दिवसा खिडक्या बंद ठेवतात आणि रात्री, हवा थंड असताना, उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवून दिवसा उन्हात वापरतात. याचा पहिला धागा हिंदुस्थानातच मिळाला. मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली लिहिले की, पानफुटीचे पान सकाळी चघळले तर आंबट लागते आणि दुपारी बेचव होते. कारण उलगडण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. पानफुटी आपल्याकडे घरोघरी कुंडीत असते. हा प्रयोग कोणीही करून पाहावा. जिभेखेरीज दुसरे उपकरण लागत नाही.

आपला त्याच्याशी संबंध

इतके विवेचन ऐकून कोणी विचारील की, यात आमच्या विहिरीचे काय? संबंध निकटचा आहे. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरी. सांगलीच्या घाटास लागणारे पाणी ज्या उतारांवर पडते, तेथे ते थोपवून धरण्याचे काम बुंध्यावरील हरिता, नेच्यांचे ताटवे, पालापाचोळा आणि मुळांचे जाळे करतात. उघड्या कातळावर पडलेले पाणी घटकेत खाली धावते. पांघरलेल्या उतारावरचे पाणी मुरते आणि झऱ्याने सावकाश येते. २००५ आणि २०१९ साली सांगलीने महापूर पाहिले, आणि पूर्वेकडील तालुके दुष्काळ पाहतच आले. अतिवृष्टीसमोर हरितेने पूर थांबेल असे आम्ही म्हणत नाही. पण पाण्याचा वेग कमी करणारे पांघरूण आपण होऊन फाडावे, हे शहाणपणाचे नव्हे.

सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. मान मिळाला तशी माणसेही आली. चार बोटे मातीत गड्डा धरून आठ महिने निजणाऱ्या वनस्पतीला दुष्काळ सोसतो, ऊन सोसते. बुटांखाली घट्ट झालेली माती सोसत नाही, कारण अशा तुडवणुकीवर तिने कोट्यवधी वर्षांत उपाय शोधलेला नाही. तसा प्रसंगच तिच्यावर आला नव्हता.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे डोंगर एके काळी ओसाड होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे झाडे लागली, वन उभे राहिले आणि १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे महाबळेश्वरची झाडे लावून चालले नसते. ज्या जमिनीचा जो करार, त्याच कराराची झाडे तेथे टिकतात. वृक्षारोपणाच्या समारंभात खड्डे खणण्यापूर्वी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही एकच आहे: हे झाड पाणी कोठून आणणार, कसे साठविणार आणि किती खर्चणार, हे विचारून मग ते लावावे.

येत्या मृगात पहिला पाऊस पडला की आपण आपल्याच परसातील भिंतीकडे पाहावे. प्रथम काळा पापुद्रा हिरवा होईल, ती हरिता. मग कपारीत नखाएवढ्या चकत्या आणि त्यांतून कोवळे नेचे दिसतील. भिंतीच्या पायथ्याशी गवताचे बी रुजेल, आणि पिंपळाचे एखादे रोप विटांत मूळ घालू पाहील. हे सारे एका हाताच्या अंतरात, एकाच पाण्यावर चालते. लहान मुलांना बरोबर घेऊन, एक साधे भिंग हाती घेऊन आठवडाभर हे पाहिले, तर या विषयावर आणखी पुष्कळ प्रश्न त्यांनाच सुचतील.